पितळेची खाण कुठे असते?

दिंडोरीच्या उर्दू शाळेत आम्ही शिकवतो. सातवीच्या वर्गात धातूंचा पाठ चालू होता. तांबे राजस्थानातील खेतडीचे, बॉक्साइट कोल्हापूरकडचे, लोखंड गडचिरोलीचे, अशी यादी फळ्यावर लिहून झाली होती. एवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला आणि विचारले, "सर, पीतल की खान किधर रहती?"

वर्ग हसला. आम्ही हसणाऱ्यांना गप्प केले, कारण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. पितळेची खाण जगाच्या पाठीवर कुठेच नाही. तांबे आणि जस्त भट्टीत एकत्र वितळवून माणसाने आपल्या हाताने घडवलेला हा मिश्रधातू आहे. एवढे आम्ही सांगितले. मुलाचे समाधान झाले नाही. "फिर पहले किसने बनाया?" त्याने विचारले. त्याचे वडील एका छोट्या भट्टीवर कामाला आहेत, भंगारातले पितळ वितळवून नळाच्या तोट्या ओततात, हे आम्हाला ठाऊक होते. तो मुलगा खरे म्हणजे आपल्या वडिलांविषयी विचारत होता.

"कल बताता हूँ," असे म्हणून आम्ही त्या दिवशी वेळ मारून नेली. ते उत्तर शोधता शोधता बरेच महिने गेले. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जस्त उडून जाते

पितळ करणे वरवर सोपे वाटते. दोन धातू घ्या, वितळवा, ढवळा, ओता. अडचण अशी की तांबे सुमारे 1,085 अंश सेल्सियसला वितळते. जस्त 419 अंशांलाच पाणी होते आणि 907 अंशांला उकळून त्याची वाफ होते. म्हणजे तांबे वितळण्याच्या कितीतरी आधी जस्त भट्टीतून उडून जायला लागते. हवेत जाताच ही वाफ पेट घेते, हिरवट पांढरी ज्वाला दिसते आणि कापसासारखी पांढरी राख तरंगू लागते. ही राख म्हणजे जस्ताचे भस्म.

म्हणूनच शुद्ध जस्त हाती येण्याआधी माणसाने दुसरी वाट काढली होती. तांब्याचे बारीक तुकडे, जस्ताचे खनिज आणि कोळशाची पूड मातीच्या मुशीत भरायची, तोंड लिंपून बंद करायचे आणि तांबे वितळणार नाही इतपतच आच द्यायची. बंद मुशीत जस्ताची वाफ तयार होई, पण तिला बाहेर पडायला वाट नसे. ती तांब्यात मुरे आणि तांबडा धातू पिवळा होई. या रीतीने साधारण 28 ते 30 टक्क्यांपर्यंतच जस्त तांब्यात शिरते. रोमन साम्राज्यातले पितळ असेच होई आणि पुढे इस्लामी जगातले कारागीरही शतकानुशतके याच रीतीने ते करीत.

त्या काळच्या आपल्या विद्वानांनी या भट्ट्यांकडे पाठ फिरवली नव्हती. अल-बिरुनीने अकराव्या शतकात रत्ने आणि धातूंवर 'किताब-अल-जमाहिर' हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. इराणात किरमानच्या बाजूला जस्ताची पांढरी राख भट्टीत धरून 'तूतिया' बनवत आणि ती डोळ्यांच्या औषधात वापरत. तेराव्या शतकात तिकडून गेलेल्या मार्को पोलोनेही तिची नोंद केली आहे. आज आपल्या घरांत 'नीला तूतिया' म्हणतात ते मोरचूद, म्हणजे तांब्याचे क्षार. जुन्या हकीमांचा डोळ्यांचा तूतिया मात्र जस्ताचा. शब्द एकच, वस्तू दोन. उर्दू शिकवणाऱ्यांनी हा फरक मुलांना सांगायला हवा.

अबुल फझलचे गणित

राखेतून पुन्हा धातू मिळवणे हा पुढचा टप्पा, आणि इथे हिंदुस्थानने जगाला वाट दाखवली. उदयपूरजवळ मेवाडमधल्या जावर येथे मातीच्या, वांग्याच्या आकाराच्या मुशी भट्टीत उलट्या लावून जस्ताची वाफ खालच्या थंड भागात उतरवत. एका भट्टीत अशा 36 मुशी एका वेळी लागत. चौदाव्या शतकाच्या सुमारास हे काम तेथे फार मोठ्या प्रमाणावर चालू होते. आजही तिथे वापरून टाकलेल्या मुशींचे ढीग आहेत आणि लोकांनी त्या रचून घरांच्या भिंती उभ्या केल्या आहेत. युरोपात असे जस्त गाळण्याची रीत इंग्लंडातल्या विल्यम चॅम्पियनने 1738 मध्ये पेटंट केली. तोवर आपल्याकडे तिला काही शतके उलटून गेली होती.

जस्त धातुरूपात मिळू लागल्यावर बंद मुशीतल्या वाफेवर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही. तांबे वितळवायचे आणि त्यात जस्त मोजून घालायचे. आता प्रमाण कारागिराच्या हातात आले. या प्रमाणाची लेखी नोंद सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त केली आहे. बादशहाच्या दरबाराचा इतिहास लिहिणारा हा माणूस मिश्रधातूंची वजनेही लिहून ठेवतो, याचे आम्हाला फार कौतुक वाटते. जस्ताला तो 'रूह-ए-तूतिया' म्हणतो, म्हणजे तूतियाचा आत्मा. जुन्या तत्त्वज्ञांच्या पुस्तकांत हा धातू कुठे आढळत नाही, पण अजमेर सुभ्यात जालोरच्या मुलखात त्याची खाण आहे, अशी नोंद तो करतो.

पितळेचे तो तीन प्रकार सांगतो. अडीच शेर तांब्याला एक शेर जस्त घातले तर पितळ थंड असतानाही ठोकता येते. दोन शेरांना एक शेर घातले तर तापवून ठोकावे लागते. दोन शेरांना दीड शेर घातले तर हातोडी चालत नाही, ते फक्त ओतकामाचे.

हे गणित आम्ही सातवीच्या मुलांना फळ्यावर घातले. शेकडेवारी काढली. पहिल्यात तांबे 71.4 टक्के, दुसऱ्यात 66.7, तिसऱ्यात 57.1. मग आजच्या कारखान्यांत काय चालते ते सांगितले. बंदुकीच्या काडतुसांसाठी आणि खोल ठोकायच्या वस्तूंसाठी 70 भाग तांबे, 30 भाग जस्त. ओतकामासाठी आणि तापवून घडवायच्या नळांसाठी सुमारे 60 भाग तांबे, 40 भाग जस्त. मुले आकडे एकमेकांशी ताडून पाहू लागली. चार शतकांपूर्वीची वजने आजच्या टक्केवारीच्या इतकी जवळ कशी, असा प्रश्न एका मुलीने केला. उत्तर सोपे आहे. हे गणित अबुल फझलने केलेले नाही. ते भट्टीपुढे बसणाऱ्यांनी केले, वर्षानुवर्षे फुटलेली भांडी पाहून केले. अबुल फझलने ते लिहून घेतले, आणि म्हणून ते वाचले. ज्यांनी केले त्यांची नावे कुणी लिहिली नाहीत.

आमचा मुलूख

आता आपल्या मुलखाकडे वळू. गोदावरी आणि प्रवरेच्या खोऱ्यात धातू ओतण्याची विद्या फार जुनी. प्रवरेकाठी दायमाबाद येथे 1974 मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशी चार धातुशिल्पे सापडली. चौघांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. ती पितळेची नव्हेत, पण एवढा धातू एका वेळी वितळवून साच्यात ओतणारे हात या मातीत हजारो वर्षांपूर्वी होते हे त्यांनी सिद्ध केले.

मधल्या काळात ही विद्या तोफांच्या कामी आली. 1549 मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, निजामशाहीच्या चाकरीतल्या मुहम्मद बिन हसन रूमी याने 'मलिक-ए-मैदान' ही तोफ ओतली. तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाची, म्हणजे जातीने कांशाची, ही अवजड तोफ आज विजापूरच्या बुरुजावर आहे. आपल्या इतिहासात ओतणाऱ्याचे नाव टिकले, अशी उदाहरणे थोडी. हे त्यांतले एक. तेही टिकले ते तोफेवर कोरले गेले म्हणून.

आणि आमची दिंडोरी? ऑक्टोबर 1670 मध्ये शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरत लुटून परतत असताना वणी-दिंडोरीच्या परिसरात दाऊदखान कुरेशीच्या मुघल फौजेशी त्यांची मोठी लढाई झाली. त्यानंतर बारा वर्षांनी, 1682 मध्ये, याच तालुक्यातल्या रामशेज किल्ल्याला औरंगजेबाच्या सैन्याने वेढा घातला. शहाबुद्दीनखान फिरोजजंगासारखे नामांकित सरदार आले आणि हात हलवीत गेले. किल्ला काही वर्षे झुंजत राहिला. या वेढ्याची एक हकीकत आम्ही मुलांना नेहमी सांगतो. किल्ल्यावर धातूच्या तोफा नव्हत्या, कातड्याचा साठा मात्र भरपूर होता. तेव्हा किल्लेदाराने लाकडाच्या तोफा करवल्या, त्यांवर कातडे चढवले आणि त्यांतूनच मारा केला. ही हकीकत सांगतो कोण? खाफीखान, मुघलांच्या बाजूचा, फारसीत लिहिणारा इतिहासकार. मराठ्यांच्या शर्थीची गोष्ट फारसी शाईने जपून ठेवली. मुलांना हे सांगितले की ती क्षणभर शांत होतात. इतिहासात एकाची आठवण दुसऱ्याच्या दफ्तरात सापडते, हे त्यांना या एका गोष्टीवरून कळते.

दिंडोरीपासून पंचवीस-एक किलोमीटरवर नाशिक. मुघल अमलात या शहराचे नाव गुलशनाबाद होते. येथील तांबट आणि कासारांची तांब्यापितळेची भांडी दूरवर प्रसिद्ध. गोदाकाठचा भांडी बाजार आजही त्या नावानेच ओळखला जातो. सिंहस्थाला आलेला यात्रेकरू गंगेच्या पाण्यासाठी येथूनच गडू घेऊन परते. तांबट ठोकून घडवी, ओतारी मुशीतून ओती आणि कासार विकी, अशी कामाची वाटणी होती.

इंग्रजी अमलात या भट्ट्यांचे रूप पालटले. विलायतेहून तांब्यापितळेचे तयार पत्रे मुंबई बंदरात उतरू लागले. 1865 मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबईचा माल थेट नाशिकच्या अंगणात आला. कच्चा धातू गाळून पितळ करण्यापेक्षा तयार पत्रा घेऊन ठोकणे स्वस्त पडू लागले. मूस उरली ती मोडीचे पितळ पुन्हा वितळवण्यापुरती आणि ओतकामापुरती. म्हणजे भांडे आपले राहिले, घडाई आपली राहिली, पण धातू करण्याची विद्या हळूहळू हातातून निसटली.

कल्हईचा भाता

येथवर लिहून आम्ही थांबलो होतो, कारण पुढचा भाग घरचा आहे.

पितळेच्या भांड्यात आंबट टिकत नाही. ताक कळकते, आमटी कळकते, आणि कळकलेले खाऊन माणूस आजारी पडतो. तांब्याचेही तसेच. म्हणून आतून कथलाचा पातळ थर द्यावा लागतो. ही कल्हई. महाराष्ट्रात गावोगाव कल्हई करणारे बहुतेक मुसलमान. आमचे दादाजान त्यांतले एक. सायकलीला भाता बांधून ते वणी, खेडगाव, मोहाडी अशी गावे फिरत. झाडाखाली खड्डा खणायचा, कोळसा पेटवायचा, राखेने घासलेले पातेले आचेवर धरायचे, नवसागराची चिमूट टाकायची की भसकन पांढरा धूर उठे. कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने फिरवायचे. डोळ्यांदेखत काळे पातेले चांदीसारखे होई. आम्ही लहानपणी भाता ओढला आहे.

मुसलमानांच्या घरात तांब्याची देग, तोटीचा बधना आणि पानदान असे. हिंदूंच्या घरात पितळेचा हंडा, कळशी, घंगाळ. भांड्यांचे आकार निराळे, पण ती घडली एकाच तांबटाच्या हातोडीखाली आणि उजळली एकाच कल्हईवाल्याच्या भात्यापुढे. तांबे आणि पितळ एका भांड्यात जोडले तर कारागीर त्याला 'गंगाजमनी' म्हणत. आज भाषणांत हा शब्द इतका वापरतात की त्याला मुळात भांड्याचा वास होता हे आपण विसरलो आहोत.

दादाजान सांगत, काही घरांच्या ओसरीवर त्यांना पाणी वरून ओतून मिळे, भांडे मात्र त्यांच्या हातचे चाले. अग्नीतून निघाले की ते शुद्ध, असे म्हणत. यावर ते रागावत नसत. "भांडं आपल्याला ओळखतं," एवढेच म्हणत. आम्हाला मात्र राग येई, आणि त्या रागाचे रूपांतर शरमेत झाले. बी.एड.च्या प्रवेश अर्जात घरच्या व्यवसायाच्या रकान्यात आम्ही 'व्यापार' लिहिले. कल्हई हा शब्द लिहायला हात धजला नाही. वर्गात त्या मुलाच्या प्रश्नापुढे आमची जीभ का अडखळली, त्याचे कारण हे.

पुढे वाचताना कळले की नवव्या शतकात इराणच्या सीस्तानात याकूब बिन लैस नावाच्या एका तांबटाने राज्य उभे केले. त्याचे घराणे इतिहासात 'सफ्फारी' म्हणून ओळखले जाते. सफ्फार म्हणजे तांबट. ज्या इतिहासाचा आपण अभिमान बाळगतो त्यात एक राजवंश हातोडीचे नाव मिरवतो, आणि आम्ही एका अर्जात भाता लपवला. आपल्या बिरादरीत अत्तार, मणियार, पिंजारी, शिकलगार ही आडनावे आहेत. प्रत्येक आडनाव म्हणजे एक हुन्नर. बादशहांच्या पिढ्या आम्हाला पाठ आहेत. आपल्या आडनावाच्या कामात कोणती हत्यारे लागत, हे किती जणांना सांगता येईल?

पत्र्याची शेड

अखेर एका सुट्टीच्या दिवशी आम्ही त्या मुलाबरोबर त्याच्या वडिलांच्या भट्टीवर गेलो. गावाबाहेर पत्र्याची शेड, जमिनीत खड्डा, त्यात मूस. विजेच्या पंख्याने वारा चालू होता, म्हणजे भात्याची जागा पंख्याने घेतली एवढेच. कडेला भंगाराचा ढीग. जर्मनची भांडी आली, मग स्टील आले, मग प्लास्टिक आले आणि घराघरांतले पितळ किलोच्या भावाने इथे येऊन पडले. ढिगात एका हंड्यावर देवनागरीत ठोक्यांनी घातलेले नाव होते, लग्नात आलेला असावा. त्याच्या शेजारी एक पानदान, त्यावर उर्दू अक्षरे. आम्ही ती वाचेपर्यंत सांडशी आली आणि दोन्ही एकामागून एक मुशीत गेली.

वितळलेल्या धातूवर मुलाच्या वडिलांनी टाकणखार टाकला. मग जस्ताचे तुकडे चिमट्याने आत खोल दाबले. हिरवट ज्वाला उठली आणि पांढरे पिंजण शेडभर तरंगले. "जितनी लिखी है उससे थोडी जास्ती डालनी पडती, उड जाती ना," ते म्हणाले. आईन-ए-अकबरी त्यांनी वाचलेली नाही. 907 अंश हा आकडा त्यांना ठाऊक नाही. पण दोन्हींचे सार त्यांच्या हातात होते.

तोंडावर ओला रुमाल, याखेरीज काही नव्हते. हा पांढरा धूर श्वासात गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते आणि एक-दोन दिवसांत उतरते. भट्टीवाले दूध पितात आणि पुन्हा कामावर येतात. दूध हा यावरचा उपाय नव्हे. धूर बाहेर ओढणारा पंखा आणि तोंडाला योग्य मुखपट्टी हा उपाय आहे. मालकाला आम्ही तसे सांगितले. त्याने ऐकून घेतले. अजून काही केलेले नाही. आम्ही पुन्हा जाणार आहोत.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही त्या मुलाला उभे केले आणि पितळ कसे होते ते सांगायला लावले. त्याने भट्टी, मूस, टाकणखार, सगळे न अडखळता सांगितले. कुणी हसले नाही. मग आम्ही वर्गाला आमच्या दादाजानच्या भात्याविषयी सांगितले. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच.

"सर, फिर पहले किसने बनाया?" त्याने पुन्हा विचारले. प्रश्न तो विसरला नव्हता.

आम्ही म्हणालो, "पहिल्याचे नाव कुणी लिहिले नाही. म्हणून आता तू लिहायला शिक."